नाक्यावरचा प्रश्न आणि आपले साहित्य

दर वर्षी जानेवारी महिन्यात रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात. शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने होतात, पत्रके वाटली जातात. चालकाने पोलिसाशी नम्रपणे बोलावे, पोलिसाने चालकाशी सौजन्याने वागावे, कागदपत्रे जवळ ठेवावीत, हुज्जत घालू नये, असा उपदेश त्यांत असतो. या उपदेशात वाईट काही नाही. परंतु तो एका गृहीतावर उभा आहे. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस सारख्याच कारणासाठी थांबवला जातो, हे ते गृहीत. सौजन्याची सारी चर्चा गाडी थांबल्यानंतर सुरू होते. कोणाची गाडी थांबली आणि कोणाची पुढे गेली, हा प्रश्न कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो. तो प्रश्न छापला आहे तो आपल्या साहित्याने. म्हणून त्या साहित्याची या एका अंगाने तपासणी व्हावी असे मला वाटते.

आधी एक साधी हकीकत सांगतो. मी लोणखेड्यात राहून मुलांना मराठी शिकवतो. काही दिवसांपूर्वी एका कामासाठी माझा एक विद्यार्थी आणि मी दोन मोटारसायकलींवरून परगावी निघालो होतो. विद्यार्थी भिल्ल समाजाचा. गाडी नवी, हप्त्यावर घेतलेली, त्याच्याच नावावर. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, वेगही सारखाच. वाटेत एका नाक्यावर तपासणी चालू होती. विद्यार्थ्याला बाजूला घेतले गेले. मागून मी आलो, तर मला 'पुढे चला सर' म्हणून हाताने खूण झाली. मी सर आहे हे त्यांना कोणी सांगितले? माझ्या इस्त्रीच्या शर्टाने आणि खिशाला लावलेल्या पेनाने सांगितले. मी थांबलो आणि ऐकत उभा राहिलो. 'कुठला रे तू? गाडी कोणाची? नाव सांग. आडनावासकट सांग.' परवाना होता, विमा होता, सारे काही होते. तरी 'गाडी कोणाची' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता. मुलगा गोंधळला आणि त्याच्या तोंडून गेले, 'तू कागद पाह्य ना.' मग मात्र आवाज चढला. 'मला तू म्हणतोस?'

आमच्या भागातल्या भिलोरी-पावरी बोलीत माणूस बापालाही तू म्हणतो, देवालाही तू म्हणतो आणि साहेबालाही तू म्हणतो. त्या बोलीत तू म्हणजे अपमान नव्हे. प्रमाण मराठीत मात्र तू आणि तुम्ही यांच्यामध्ये उतरंड आहे. नाक्यावरच्या माणसाने वीस वेळा 'तू' म्हटले तर ते कर्तव्य ठरते आणि मुलाने एकदा म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो. अर्ध्या तासाने त्याला सोडले. दंड नाही, पावती नाही, कसलीही नोंद नाही. सरकारी दप्तराच्या दृष्टीने त्या अर्ध्या तासात काहीच घडले नाही. नाका कोणता आणि कर्मचारी कोण, हे मी येथे मुद्दामच सांगत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. परत येताना मला लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्या बापाला त्याच नाक्यावर थांबवले असते. माझी जात त्या दिवशी शर्टाने झाकली होती.

बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव मला त्या क्षणी आठवले. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेकडे जातो. आपल्या नंदुरबारवरून जी गाडी तापीच्या काठाने सुरतेला जाते, त्याच दिशेचा हा प्रवास. परक्या गावात त्याला पहिला प्रश्न येतो तो 'तुम्ही कोण?' हा. तो जात सांगत नाही आणि अखेर ती उघडी पडल्यावर मार खातो. या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण 'चोरली' या क्रियापदाकडे मला लक्ष वेधायचे आहे. स्वतःची ओळख न सांगणे ही येथे चोरी ठरते. म्हणजे ओळख विचारण्याचा हक्क समोरच्याचा, ती हजर करण्याचे बंधन आपले आणि न केल्यास गुन्हा आपला. नाक्यावरच्या चौकशीचे सगळे तर्कशास्त्र या एका क्रियापदात आले आहे. बागुलांनी पोलीस न आणता पोलिसी व्यवस्थेचे मर्म दाखवले आहे.

या धाग्याचे मूळ आणखी मागे, बाबासाहेबांच्या आठवणींत सापडते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या लहानशा लिखाणात १९०१ च्या सुमाराची हकीकत आहे. लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले त्यांना नेईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही बैलगाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालावे, या अटीवर. रात्री पाण्यासाठी मुले टोलनाक्यापाशी आली. तेथे भीमरावाने, गाडीवाल्याने शिकवल्याप्रमाणे, आपण मुसलमान आहोत असे उर्दूतून सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. आपल्या साहित्यातला हा पहिला नाका म्हणायला हरकत नाही. रस्ता, गाडी, अडवणारा अधिकारी आणि ओळखीचा प्रश्न, सारे त्या प्रसंगात आहे. ज्याने पुढे देशाची घटना लिहिली, त्याला नवव्या-दहाव्या वर्षी नाक्यावर आपली जात झाकावी लागली, हे विसरून घटनेच्या एकोणिसाव्या कलमातील 'भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा' हक्क वाचता येणार नाही. हा हक्क ज्यांना वाटेवर कोणी अडवले नाही त्यांना किरकोळ वाटतो. आपल्याला तो तसा वाटण्याचे कारण नाही.

दलित कथेत हा प्रश्न समाज विचारतो. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत तो थेट सरकार विचारते. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, दोन्ही पुस्तके अभ्यासक्रमांत गेली. परंतु वर्गात ती शिकवली जातात ती 'दारिद्र्याचे दाहक चित्रण' म्हणून. हे वाचन अपुरे आहे. दारिद्र्य पुष्कळांच्या वाट्याला आले. वाटेवरून चालणे हाच संशयाचा विषय होणे मात्र ठरावीक जमातींच्याच वाट्याला आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. नावांची नोंद, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, अशी ती यंत्रणा होती. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण सवयीच्या गुन्हेगारांसाठीचे कायदे त्याच्या जागी आले आणि नजर तीच राहिली. 'उचल्या'मध्ये आजोबांची हजेरी आहे, घरात घुसणारे पोलीस आहेत आणि चोरीच्या मालात हिस्सा मागणारे पोलीसही आहेत. पण त्या पुस्तकाची खरी ताकद त्याच्या नावात आहे. उचल्या हा मुळात आरोप आहे, तोच जातीचे नाव म्हणून चिकटवला गेला. लेखकाने तो आरोपच पुस्तकाच्या कपाळावर लावला आणि वाचकाला विचारले की मला तुम्ही नावाने ओळखता की आरोपाने? नाक्यावर माझ्या विद्यार्थ्याचे आडनाव विचारणारा आवाज नेमके हेच करत होता. त्याला आडनावातून आरोप शोधायचा होता.

या साहित्याच्या शेजारी ज्या कलाकृतींची पोलीस-चित्रणासाठी वाहवा झाली त्या ठेवून पाहाव्यात. गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' १९८३ साली आला. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा. अनंत वेलणकर हा प्रामाणिक फौजदार व्यवस्थेने कसा पिचला जातो, हे त्यात प्रभावीपणे येते. पण वेलणकरच्या हातून कोठडीत एक किरकोळ चोर मरतो. तो कोण होता, कोणत्या वस्तीतला, त्याच्या घरी त्या रात्री काय झाले, याकडे कॅमेरा वळत नाही. त्याचे मरण हा वेलणकरच्या शोकांतिकेतला एक टप्पा आहे, एवढेच. १९८० च्या 'आक्रोश'मध्ये आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर मुका आहे. त्याच्या वतीने वकील बोलतो, शोध घेतो, अस्वस्थ होतो. या मुकेपणामागे कलात्मक हेतू आहे हे मी नाकारत नाही. परंतु ज्या वेळी शहाद्याचा भिल्ल मोर्चे काढत होता, घोषणा देत होता आणि मालकाशी मजुरीवरून वाद घालत होता, त्याच्या नंतरच्या काळात प्रस्थापित कलेला आदिवासी दिसला तो मुकाच, याची नोंद केली पाहिजे. या दोन्ही कलाकृती सच्च्या आहेत. पण एक पोलिसाच्या जीपमध्ये बसून पाहते आणि दुसरी वकिलाच्या खुर्चीतून. रस्त्याच्या कडेला उभे केलेल्या माणसाच्या डोळ्यांतून दोन्ही पाहत नाहीत.

येथे आमच्या भागाचा इतिहास थोडा सांगणे भाग आहे. खानदेशात भिल्ल हा एके काळी वाटेचा राखणदार होता. घाटवाटांवर आणि गावांच्या शिवारात राखण करणे हे त्याचे काम होते आणि त्याबद्दल त्याला हक्क मिळत. गावचा जागल्या भिल्लच असे. इंग्रजी अमलात एकीकडे भिल्ल बंडखोर ठरवला गेला आणि दुसरीकडे १८२५ साली आऊट्रमने त्याच भिल्लांची पलटण उभारून त्यांना भिल्लांच्याच पाठीवर घातले. पुढे जमिनी गेल्या आणि राखणदार सालदार झाला. १९७० च्या आसपास शहादा तालुक्यात उलटेच चित्र उभे राहिले. बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्यांचे राखणदार शिवारात फिरू लागले आणि भिल्लाला पिकाचा चोर समजून अडवू, दंडू, मारू लागले. ज्याच्या भरवशावर शिवार होते, तोच शिवारातला संशयित झाला. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या साथीदारांनी १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरवला. पुढे श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरी या मागण्यांबरोबर शिवारातून ताठ मानेने चालता यावे, ही मागणीही त्या लढ्यात होती, असे मी मानतो. त्या लढ्यातून आलेले वाहरू सोनवणे यांनी १९८७ च्या 'गोधड'मधून आपल्या माणसांचे दुःख आपणच सांगायचे, दुसऱ्याने नव्हे, हा मुद्दा ठामपणे मांडला. 'आक्रोश'मधल्या मुक्या नायकाला तेच खरे उत्तर होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हजेरीच्या काळात सरकारजवळ वही होती. त्या वहीत आपली नावे होती. आज नाक्यावर कोणाला थांबवले याची वहीच नाही. दंड झाला तर चलन निघते. नुसते थांबवून, अपमान करून, झडती घेऊन सोडले तर कागदाचा कपटाही उरत नाही. हा फरक किती मोठा आहे हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे एकदा पाहावे. न्यूयॉर्क शहरात पोलिसाने वाटसरूला थांबवले की एक छापील तक्ता भरावा लागे. त्या तक्त्यांची मोजदाद न्यायालयात झाली. २००४ ते २०१२ या काळात सुमारे ४४ लाख वेळा लोकांना थांबवले गेले. त्यांत ८० टक्क्यांहून अधिक लोक काळे किंवा हिस्पॅनिक होते, शहराच्या लोकसंख्येत मात्र ते दोघे मिळून निम्म्याच्या आसपास. सुमारे ८८ टक्के प्रसंगांत पुढे काहीही कारवाई झाली नाही. म्हणजे संशय बहुतेक वेळा फोल होता. २०१३ साली न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. काळ्या माणसाचे म्हणणे तेथे पन्नास वर्षे कांगावा समजले जात होते. नोंद होती म्हणून ते सिद्ध झाले. आपल्याकडे नोंदच नाही, म्हणून आपले म्हणणे आजही कांगावाच समजले जाते.

आपल्या चळवळीने १९७२ साली पँथर हे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या त्या पक्षाचे अगदी सुरुवातीचे काम काय होते? पोलीस काळ्या माणसाची गाडी अडवत, तेव्हा पँथर थोड्या अंतरावर उभे राहून पाहत आणि कायद्यातले हक्क मोठ्याने सांगत. त्यांच्या हातात बंदुकाही होत्या. त्या आपल्याला नकोत आणि बाबासाहेबांच्या मार्गात त्या बसतही नाहीत. पण दुसऱ्या हातातले कायद्याचे पुस्तक आपण घ्यायला हवे होते. आपण नाव घेतले, कवितेतला विद्रोह घेतला. वाटेवर उभे राहून साक्ष देण्याची ती शिस्त मात्र आपल्या कार्यपद्धतीत मुरली नाही, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

तोवर आपली नोंदवही म्हणजे आपले साहित्यच. 'उपरा', 'उचल्या', भीमराव गस्ती यांचे 'बेरड' ही पुस्तके या अर्थाने वाचली पाहिजेत. सरकारने जी वही ठेवली नाही, तिची ही पाने आहेत. याच दृष्टीने १९९८ सालची पश्चिम बंगालमधील बुधन शबरची घटना पाहावी. शबर या विमुक्त जमातीचा हा तरुण बायकोबरोबर वाटेने जात असता पानाच्या टपरीपाशी पकडला गेला आणि काही दिवसांत कोठडीत मेला. महाश्वेतादेवींनी प्रकरण न्यायालयात नेण्यासाठी पुढाकार घेतला, गणेश देवींच्या सहवासात अहमदाबादच्या छारानगरातील मुलांनी त्यावर नाटक उभे केले. नुसते थांबवणे किती सहज मरणापर्यंत जाते, हे त्या नाटकाने गावोगाव दाखवले. लेखन, न्यायालय आणि रंगभूमी येथे एकमेकांच्या हातात हात घालून उभी राहिली.

न्यायालयांनीही आता हे पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये एका निकालात सांगितले की केवळ मागास समाजातील आहे म्हणून, दलित-आदिवासी आहे म्हणून कोणाचे नाव यांत्रिकपणे पोलिसांच्या गुन्हेगार-नोंदींत चढवले जाऊ नये. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता खटल्यात तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले गेले. रकाना कागदावरून जाईल. नजरेतला रकाना कोण काढणार? महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे आहे. सत् कोण आणि खल कोण, हे पुराव्यावरून ठरले तर ब्रीद सुंदर आहे. ते रंगावरून, बोलीवरून आणि आडनावावरून ठरू लागले, तर तेच ब्रीद मनुस्मृतीच्या जवळ जाऊन बसते.

एवढे म्हटल्यावर आपल्या साहित्याला दोन गोष्टी सुनावल्याच पाहिजेत. एक म्हणजे, आपले आत्मकथन पालावर आणि गाढवाच्या पाठीवर थांबले आहे. हप्त्यावर मोटारसायकल घेतलेला भिल्ल-पावरा तरुण, ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी पिकअपमध्ये कोंबलेली बाया-माणसे, रात्री दोन वाजता सीमेवर उतरवून घेतलेली पोरे, हे सारे आज घडत आहे आणि लिहिले जात नाही. जुन्या दुःखाची उजळणी करणे सोपे असते. नवा नाका लिहायला नवी नजर लागते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आज नाक्यावर उभा असलेला शिपाई पुष्कळदा आपल्याच घरातला असतो. राखीव जागेतून भरती झालेला, बाप सालदार असलेला मुलगा. बारा तास उन्हात उभा, आणि वरिष्ठ त्याच्याशी अरे-तुरेनेच बोलतो. मिळालेले 'तू' तो खाली देतो. ही उतरंड जातिव्यवस्थेचीच आहे, फक्त अंगावर खाकी आहे. हा माणूस आपल्या साहित्यात जवळजवळ नाही. त्याला खलनायक करून चालणार नाही आणि 'आपला आहे' म्हणून माफही करून चालणार नाही. त्याची घुसमट आणि त्याची जबाबदारी, दोन्ही एका कथेत आली पाहिजेत. ती कथा जो लिहील तो 'अर्धसत्य'चे उरलेले अर्धे सत्य लिहील.

मग पोलिसांनी थांबवूच नये काय? असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. चांदसैलीच्या, तोरणमाळच्या घाटात क्षमतेबाहेर भरलेली गाडी उलटते तेव्हा मरतात ती आपलीच माणसे. तपासणी हवी. ती सगळ्यांची हवी आणि तिची नोंद हवी. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखवावाच लागतो, मोबाइलमधील सरकारी डिजिलॉकरमधला चालतो. पण त्या कायद्यात जात विचारा असे कोठे लिहिलेले नाही. प्रौढ माणसाला 'अरे' म्हणा असेही लिहिलेले नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी एक वही दिली आहे. तारीख, वेळ, ठिकाण, काय विचारले, कोणत्या शब्दात विचारले, पावती मिळाली की नाही, एवढेच त्यात लिहायचे. त्याने विचारले, 'सर, याचा निबंध करायचा का?' मी म्हटले, 'आधी नोंद कर.' कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आपापल्या गावी अशा वह्या सुरू कराव्यात. त्यांतून न्यायालयासाठी पुरावा निघेल आणि उद्याच्या लेखकासाठी भाषाही निघेल.

शेवटी पुन्हा बाबासाहेबांच्याच त्या लिखाणाकडे वळतो. १९२९ साली ते खानदेशातच, चाळीसगावला उतरले होते. अस्पृश्याला नेणार नाही असे टांगेवाल्यांनी सांगितले, म्हणून वस्तीतल्याच एकाने, टांगा हाकण्याची सवय नसताना, टांगा हाकला. पुढे मोरीवर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. पण त्याआधी थोड्याच अंतरावर तो टांगा एका मोटारीवर आदळणार होता. तो अपघात टळला तो एका पोलिसाच्या मोठ्या हाकेने. पोलिसाने ओरडून मोटार थांबवली आणि टांगा वाचला.

ती हाक देताना त्या पोलिसाने टांग्यात कोण बसले आहे हे विचारले नव्हते. वाटेवर चाललेला जीव वाचावा, एवढेच त्याच्या मनात होते. खानदेशच्या रस्त्यावर अशी हाक एकदा घुमली होती. आमचे मागणे तिच्याहून अधिक नाही आणि तिच्याहून कमीही नाही.